शाळेची खबर पाड्यापर्यंत

आज शाळेबद्दल बोलू या. गणवेश, पुस्तकं, खिचडी यांवर आपण नेहमीच बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. वर्गात आपल्या पोरांनी काय कमावलं, शाळेत कोण गुरुजी नवे आले, कोणत्या बाई बदलून गेल्या, ही खबर आपल्या दारापर्यंत येते का?

बहुतेक गावांत ती वर्षातून तीनदा येते: १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला आणि निकालाच्या दिवशी. झेंडावंदन होतं, पाहुणे बोलतात, पहिल्या तीन नंबरांना कंपासपेटी मिळते, टाळ्या वाजतात, पोरांना गोळ्या-बिस्किटं मिळतात. चांगलंच आहे, सणासारखा दिवस असतो. पण वर्गात तीस पोरं असली, तर त्या दिवशी तीन आया हसत घरी जातात. बाकीच्या सत्तावीस जणींना आपल्या लेकराचं काही कळत नाही. “ठीक आहे”, “हुशार आहे”, “लक्ष नाही”, एवढंच कानावर येतं.

आता “मुलगी हुशार आहे” ही काही खबर झाली नाही. खबर कशी असते? तिसरीतली मुलगी दिवाळीपर्यंत दोन अंकी वजाबाकीत अडत होती, हातचा घ्यायचा विसरत होती. आता ती बाईंना न विचारता करते. ही खबर. हे ऐकलं की आई हाटातून आल्यावर तिला सहज विचारू शकते: पन्नासची नोट दिली, मीठ-मिरची बत्तीस रुपयांची झाली, दुकानदाराने किती परत द्यायला हवे? पोरगी अठरा म्हणाली, की शाळेतलं शिकणं आईने स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यासाठी आईला लिहिता-वाचता यायलाच हवं असं नाही. बाजाराचा हिशोब आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही.

तसंच वाचनाचं. “पहिलीतला मुलगा आता जोडाक्षर नसलेले शब्द वाचतो” असं गुरुजींनी सांगितलं, तर घरातल्या साबणाच्या किंवा बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव त्याला वाचायला सांगता येतं. आणि जो मुलगा महिनाभर वर्गात एक शब्द बोलत नव्हता, तो परिपाठाला उभा राहून आपलं नाव आणि पाड्याचं नाव सांगायला लागला, तर माझ्या मते तेही कंपासपेटीच्याच तोलाचं आहे. घरी पावरी, भिलोरी किंवा मावची बोलणाऱ्या लेकराला शाळेत गेल्यावर एकदम मराठीत तोंड उघडायचं असतं. ते किती अवघड असतं, हे तालुक्याच्या कचेरीत उभं राहिलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणींना माहीत आहे.

म्हणूनच ही खबर नुसती कागदावर देऊन भागत नाही. २०११च्या जनगणनेत आपल्या नंदुरबार जिल्ह्यात शंभरात साधारण ६४ माणसं साक्षर होती. सगळ्या महाराष्ट्रात हा आकडा सर्वांत कमी होता, आणि बायकांचा तर त्याहूनही खाली. प्रगतिपुस्तक घरी येतं आणि पेटीत जातं. फळ्यावरची सूचना फळ्यावरच राहते. मोबाइलवर शाळेचा गट असतो, पण तो मोबाइल नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा ऊसतोडीला गुजरातमध्ये. खबर तोंडाने सांगावी लागते, आणि आपल्या बोलीत सांगावी लागते. बचत गटाची महिन्याची बैठक त्यासाठी उत्तम जागा आहे. बाईंना किंवा गुरुजींना दहा मिनिटं बोलवा. त्यांना बोली येत नसेल, तर गटातली शिकलेली मुलगी सांगेल.

गुरुजींना असं बोलावणं म्हणजे काही आगाऊपणा नव्हे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कामं सांगितली आहेत. त्यांत एक काम असं: पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती त्यांना सांगायची. म्हणजे ही खबर मिळणं आपला हक्क आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात चारात तीन सदस्य पालक हवेत आणि निम्म्या जागा बायकांच्या. आपल्या शाळेच्या समितीत कोणत्या बाया आहेत ते एकदा विचारा. कधी कधी जिचं नाव आहे, तिलाच ते ठाऊक नसतं!

आता शिक्षकांच्या खबरीकडे येऊ. कोण आलं, कोण गेलं, कोण रजेवर आहे, ह्या चौकश्या म्हणजे रिकाम्या गप्पा, असं काहींना वाटतं. पण डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी बदलून गेले, की पाच वर्ग एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. मग पोरं दुपारी खिचडी खाऊन घरी का येतात, याचं उत्तर त्यातच असतं. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असली तर किमान दोन शिक्षक हवेत, असं कायदा सांगतो. म्हणून बदलीची बातमी कळली की दोन गोष्टी विचारायच्या. त्यांच्या जागी कोण येणार आणि कधी? तोवर वर्ग कोण सांभाळणार? बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, गुरुजी प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले, तरी हेच विचारायचं. रागाने नाही, पण समितीच्या बैठकीत, आणि इतिवृत्तात लिहून घेऊन.

निरोप समारंभाला आपण शाल-नारळ देतो, डोळ्यांतून पाणी काढतो. त्या दिवशी जाणाऱ्या बाईंकडून एक गोष्ट मागून घ्या: कोणतं पोर कुठवर पोहोचलं आहे, हे लिहिलेली एक वही नव्या शिक्षकासाठी ठेवा म्हणावं. नाहीतर नवे गुरुजी पुन्हा ‘क’ पासून सुरू करतात आणि पोरांची सहा महिन्यांची कमाई वाया जाते. नव्या गुरुजींचं स्वागत करताना त्यांना पाड्यांवर फिरवा. लातूर-सोलापूरकडून आलेल्या माणसाला आपले डोंगर नवे असतात.

आणि शाळा म्हणजे फक्त गुरुजी नव्हेत. खिचडी शिजवणारी बाई बहुधा आपल्याच गटातली असते. तिचं नाव कधी माइकवर ऐकलंय?

शिक्षकाचं यश कधी जगभर पोचतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षीस दहा लाख डॉलरचं. त्यातलं निम्मं त्यांनी शेवटच्या फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिलं. ती बातमी सगळ्यांनी ऐकली. आपल्या शाळेतल्या बाईंनी मात्र यंदा पाच मुलांना वाचतं केलं, हे आपण सांगितलं नाही तर कोणी सांगणार नाही.

आपल्याच जिल्ह्यात याची एक जुनी वाट आहे. नर्मदेकाठच्या बुडिताच्या गावांत, मणिबेली-चिमलखेडीकडे, १९९०च्या दशकात आंदोलनातून जीवनशाळा उभ्या राहिल्या. या सगळ्या शाळांची मुलं बालमेळ्याला एकत्र येतात. खेळ होतात, गाणी-नाटकं होतात, आणि गावंच्या गावं बघायला बसतात. नंबर येवो न येवो, आपलं पोर सगळ्यांसमोर उभं राहिलेलं आईला दिसतं. तिथे शिकून पुढे त्याच शाळांत शिक्षक झालेली मुलंही आहेत.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एकाचं कौतुक करताना दुसऱ्याला टोमणा नको. “बघ, तिची पोरगी वाचते आणि तुझा ढ” असं भर बैठकीत म्हटलं, तर ती आई पुढच्या वेळी येणार नाही. कोण मागे आहे ते गुरुजींनी आईला बाजूला घेऊन सांगावं. मुलींचं आजारपण, घरातली भांडणं हे सगळ्यांसमोर काढू नये. आणि विचारल्याशिवाय पोरांचे फोटो मोबाइलवर फिरवू नयेत.

राहिली स्थलांतराची गोष्ट. दिवाळी झाली की बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. निघण्याआधी शाळेत जाऊन विचारा, पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे का. म्हणजे मूल गावातच राहून शिकू शकतं. सोबत न्यावंच लागलं, तर शिक्षण हमी कार्ड मागा. पोर कोणत्या वर्गात आहे, कुठवर शिकलं आहे, ते त्यावर असतं. होळीला माणसं परत येतात, भोंगऱ्याचा बाजार भरतो, काठीला ढोल वाजतात. त्याच आठवड्यात गुरुजींना गटाच्या बैठकीला बोलवा. जी पोरं परत आली त्यांची नावं आधी घ्यायला सांगा, आणि त्यांनी पाच महिन्यांत काय विसरलं त्याच्या आधी काय लक्षात ठेवलं ते विचारा.