इंजिनाचा उच्छ्वास व त्याची परीक्षा

जी वस्तु एकदां टाकून दिली ती पुनः तोंडाला लावूं नये, अशी आपल्याकडे घरोघरची शिकवण आहे. परंतु मोटारीचें इंजिन ही शिकवण जाणूनबुजून मोडतें. जळून बाहेर पडलेल्या वायूचा कांहीं भाग तें ताज्या हवेबरोबर पुनः पोटांत घेतें. या योजनेस 'एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन' असें लांबलचक नांव आहे. गॅरेजांत तिला 'ई. जी. आर.' एवढेंच म्हणतात. ही योजना कशासाठीं, ती बिघडल्यास दोष कसा शोधावा, आणि बिघडली म्हणून ती कायमची बंद करणें योग्य कीं अयोग्य, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. वाचकांच्या घरीं मोटार असो वा नसो, रस्त्यावरची हवा सर्वांच्याच वाट्यास येते.

हवेंत शेंकडा ७८ भाग नायट्रोजन व २१ भाग ऑक्सिजन असतो. एरव्हीं हे दोन वायु चांगल्या शेजाऱ्यांप्रमाणें नांदतात. परंतु सिलिंडरांतील उष्णतामान सुमारें १५०० अंश सेल्सिअसच्या पुढें गेलें, कीं त्यांचा संयोग झपाट्यानें होऊं लागतो व नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. हे वायु श्वासनलिकेचा दाह करतात. शिवाय उन्हांत, न जळलेल्या इंधनाच्या वाफांसह, ते जमिनीलगत ओझोन उत्पन्न करतात. १९४३ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबविणारें धुरकें पसरलें, तेव्हां त्याचें कारण कोणास उमगेना. १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनीं दाखवून दिलें कीं, मोटारींच्या व तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तें बनतें. पुढें १९७३ च्या सुमारास अमेरिकन मोटारींत ई. जी. आर. सर्रास बसूं लागली. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यांनीं डिझेल मोटारीची या वायूंची मर्यादा दर किलोमीटरमागें २५० मिलिग्रॅमवरून ८० मिलिग्रॅमवर आणली.

जळलेला वायु पुनः जळत नाहीं, हाच येथें त्याचा गुण ठरतो. चुलींतील विस्तव फार भडकला म्हणजे गृहिणी त्यावर थोडी राख लोटते; त्याचप्रमाणें हा निरुपयोगी वायु सिलिंडरांत शिरून उष्णतेचा कांहीं भाग स्वतः शोषतो व ज्वलनाचा भडका मर्यादेंत ठेवतो. पेट्रोलच्या इंजिनांत त्याचें प्रमाण सामान्यतः शेंकडा ५ ते १५ असतें. डिझेलमध्यें तें याहून पुष्कळ अधिक असूं शकतें. वायु केव्हां व किती सोडावयाचा हें एक झडप ठरविते. पेट्रोलचें इंजिन थंड असतां, गाडी उभी ठेवून तें मंद चालत असतां, आणि पूर्ण जोर लागत असतां ही झडप मिटलेली असते. मध्यम वेगानें एकसारखी गाडी चाललेली असतां ती उघडते. एवढें लक्षांत ठेविलें म्हणजे पुढील तर्क सुलभ होतो.

झडपेचे मुख्य दोष दोन, आणि त्यांचीं लक्षणें परस्परविरुद्ध. झडप उघडीच अडकली तर नको त्या वेळीं वायु आंत येतो. उभ्या गाडीचें इंजिन थरथरतें, मिसिंग करतें, कधीं बंदही पडतें. डिझेल गाडीची शक्ति कमी होऊन काळा धूर निघूं लागतो. उलट, झडप मिटलेलीच राहिली किंवा तिचा मार्ग काजळीनें बुजला, तर उभी गाडी अगदीं सुरळीत चालते. पण पेट्रोलची गाडी घाट चढूं लागली कीं इंजिनांतून टकटक असा आवाज येऊं शकतो, कारण ज्वलन वाजवीपेक्षां तापट झालेलें असतें. डिझेलमध्यें असा आवाजही सहसा येत नाहीं. घातक वायु मात्र निमूटपणें वाढतात.

परंतु लक्षण म्हणजे निदान नव्हे. थरथर खराब स्पार्क प्लगमुळें किंवा हवेची नळी फाटल्यामुळेंही होते. टकटक हलक्या पेट्रोलमुळें किंवा तापलेल्या इंजिनामुळेंही होते. म्हणून परीक्षा क्रमानें करावी. बिनखर्चाची आधीं, खर्चाची शेवटीं.

प्रथम, दिवा लागला असल्यास स्कॅनर लावून त्यांतील संकेत वाचावा. 'पी ०४०१' म्हणजे वायूचा प्रवाह अपुरा, आणि 'पी ०४०२' म्हणजे प्रवाह फाजील. येथेंच पुष्कळ जण फसतात. प्रवाह अपुरा आहे एवढेंच संकेत सांगतो. झडप बदला असें तो सांगत नाहीं. बुजलेला मार्ग, तडकलेली नळी, बिघडलेला सेन्सर, सैल झालेली वायर, यांपैकीं कशानेंही तोच संकेत उमटूं शकतो. म्हणून दुसरें काम डोळ्यांचें: सर्व नळ्या व वायरींचे जोड नीट पाहावे.

तिसरें काम प्रत्यक्ष प्रयोगाचें. जुन्या पेट्रोल गाड्यांत झडप हवेच्या ओढीनें, म्हणजे व्हॅक्यूमनें, उघडते. इंजिन मंद चालू ठेवून हातपंपानें झडपेस व्हॅक्यूम द्यावा. इंजिन अडखळलें किंवा बंद पडलें, तर आनंद मानावा; झडप उघडते आणि मार्गही मोकळा आहे. मग दोष तिला हुकूम देणाऱ्या नळींत, सोलेनॉइडमध्यें किंवा सेन्सरमध्यें शोधावा. झडप हलली पण इंजिनास कांहींच वाटलें नाहीं, तर मार्ग बुजला आहे. आणि पंपाचा व्हॅक्यूम टिकतच नसेल, तर बहुधा आंतील पडदा फाटला आहे. कांहीं झडपा मात्र धुराचा पुरेसा दाब असल्याशिवाय व्हॅक्यूम धरीत नाहींत. यासाठीं गाडीचें पुस्तक आधीं वाचावें. नव्या गाड्यांत झडप विजेनें चालते. तेथें स्कॅनरनेंच तिला उघडण्याचा हुकूम द्यावा. डिझेल गाडींत झडप उघडतांच ताज्या हवेचा आंकडा खालीं आला पाहिजे. न आल्यास वायु वाहत नाहीं असें समजावें.

दोष काजळीचा ठरला, तर झडप व मार्ग साफ करून नवें गॅस्केट घालावें. विजेचा भाग मात्र द्रावणांत बुडवूं नये. डिझेल गाडींत कूलंट कोठेंही न गळतां कमी होत असेल व पांढरा धूर निघत असेल, तर ई. जी. आर.चा कूलर फुटला असण्याचा संभव असतो. त्याकडे दुर्लक्ष केल्यास इंजिनासच धोका असतो. या सर्व परीक्षा जाणत्या माणसानें, मोकळ्या हवेंतच कराव्या. बंद शेडमध्यें चालू ठेविलेल्या इंजिनांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राणघातक आहे.

आतां पालकांस विशेष विनंति. झडप साफ करण्याऐवजीं तिच्या वाटेंत पत्रा बसवून ती बंद करून देतों, पिकअप वाढेल, असें सांगणारे लोक भेटतात. मालकास त्यांत वावगें दिसत नाहीं, कारण नेहमीच्या पी. यु. सी. तपासणींत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन, आणि डिझेल गाडीच्या धुराची दाटी, एवढेंच मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड तेथें मोजलेच जात नाहींत. प्रमाणपत्र खिशांत येतें, आणि विषारी वायु मात्र शाळेच्या फाटकाशीं बस थांबण्याची वाट पाहणाऱ्या मुलांच्या छातींत जातो. दम्याच्या मुलांस त्याचा त्रास सर्वांआधीं होतो. थोड्या पिकअपसाठीं एवढी किंमत दुसऱ्याच्या मुलाकडून वसूल करणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, पदार्थविज्ञानाच्या तासाला तुम्ही प्रयोग, निरीक्षण व अनुमान हा क्रम शिकतां. गॅरेजांतही क्रम तोच. पुढें तुमच्यापैकीं कोणी मेकॅनिक होईल, कोणी इंजिनियर, आणि पुष्कळ जण मोटारीचे मालक होतील. त्या वेळीं "हा भाग बदला" असें कोणी म्हणाल्यास, "कोणत्या परीक्षेवरून?" एवढा एक प्रश्न शांतपणें विचारा. त्यानें तुमचे पैसे वांचतील, आणि रस्त्यावरची हवाही थोडी स्वच्छ राहील.