गाजर खाऊनही न जाणारा रातांधळेपणा

'रातांधळेपणा कशामुळे होतो?' असं विचारलं की वर्गातून एका सुरात उत्तर येतं, 'अ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे!' उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. काही मुलांचा रातांधळेपणा आनुवंशिक असतो आणि गाजर-पालक कितीही खाल्लं तरी तो जात नाही.

आपल्या दृष्टिपटलावर दंडाकार पेशी मंद प्रकाशात, तर शंक्वाकार पेशी भर उजेडात आणि रंग पाहण्यासाठी काम करतात. या पेशींच्या आवरणात प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. गंमत अशी, की अंधारात ही दारं उघडी असतात आणि त्यांतून सोडियम, कॅल्शियमचे आयन आत येतात. सीजीएमपी नावाचा रेणू दार उघडं धरतो. प्रकाश पडला की हा रेणू कमी होतो, दारं मिटतात आणि 'उजेड दिसला' हा निरोप पुढे जातो.

आता दार बनवणाऱ्या जनुकातच उत्परिवर्तन झालं तर?

सीएनजीए१ किंवा सीएनजीबी१ ही जनुकं बिघडली तर दंडाकार पेशींचं दार नीट बनत नाही. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग नजरेच्या कडा आक्रसत जातात. हा रेटिनायटिस पिगमेंटोसाचा एक प्रकार. सीएनजीए३ किंवा सीएनजीबी३ बिघडली तर शंक्वाकार पेशी जन्मापासून काम करत नाहीत. रंग कळत नाहीत, ऊन सोसत नाही.

हे आजार बहुधा आईवडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावर होतात. दोघांनाही स्वतःला नीट दिसत असतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला २५ टक्के शक्यता असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात. जवळच्या नात्यात ही शक्यता वाढते. म्हणून एकट्या आईला बोल लावणं चूकच.

तेव्हा करी रोडच्या एखाद्या चाळीत संध्याकाळी जिन्याची भिंत चाचपत चढणारं मूल 'वेंधळं' नसेल. मैदानात दुपारी डोळे मिटणारं, खडूचे रंग चुकवणारं मूल 'आळशी' नसेल. त्याला परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात नेत्रतज्ज्ञांना दाखवा. इलेक्ट्रोरेटिनोग्राम आणि जनुकीय तपासणीने कारण कळू शकतं. मनाने अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ नका, जास्त झाल्या तर अपाय होतो.

या चॅनेलच्या आजारांवर जनुकोपचाराचे प्रयोग सुरू आहेत. तोवर गडद चष्मा, ठळक अक्षरं, पहिला बाक आणि जिन्यात एक चांगला दिवा, एवढं तर आपल्या हातात आहे!