‘सरांना नाही कसं म्हणायचं?’ : मार्गदर्शकाशी नातं निरोगी राहण्यासाठी मर्यादा कशा आखाव्यात

दवाखान्यात तरुण रुग्ण येतात ते तक्रार घेऊन. डोकं दुखतं, ॲसिडिटी कमी होत नाही, झोप लागत नाही, छातीत धडधडतं. रक्त तपासावं तर अहवाल व्यवस्थित निघतो. मग विचारलं, ‘‘त्रास जास्त कधी होतो?’’ की उत्तर येतं, ‘‘रविवारी संध्याकाळी.’’ किंवा, ‘‘सरांचा फोन वाजला की.’’

हे ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणजे कधी पीएचडीचे गाइड असतात, कधी इंटर्नशिपमधले सीनियर, कधी ज्यांच्या हाताखाली वकिलीची किंवा सीएच्या आर्टिकलशिपची उमेदवारी चालू आहे ते, तर कधी क्लासमधले शिक्षक. माणूस वाईट असतोच असं नाही. बहुतेक वेळा त्यांनी खरोखर मदत केलेली असते. म्हणूनच हा त्रास कुणाला सांगता येत नाही आणि तो शरीरातून बाहेर पडतो.

निरोगी मर्यादा म्हणजे काय?

मर्यादा म्हणजे भांडण नव्हे आणि अनादरही नव्हे. शेताला बांध असतो तो शेजाऱ्याशी वैर म्हणून नसतो. कुणाचं काय आणि कुठपर्यंत, हे दोघांना ठाऊक असावं म्हणून असतो. मार्गदर्शकाच्या नात्यातही कामाची वेळ, कामाचं स्वरूप, पैसा, खासगी आयुष्य आणि शारीरिक अंतर या पाच गोष्टींचा बांध लागतो.

कडक शिस्त म्हणजे मर्यादाभंग नव्हे. प्रबंधाचं प्रकरण तीन वेळा परत पाठवणं, केस नीट लिहिली नाही म्हणून रागावणं, वेळेवर या असं बजावणं हा शिकवण्याचाच भाग आहे. फरक ओळखायला स्वतःला तीन प्रश्न विचारा :

१. हे काम माझ्या शिकण्याशी किंवा नोकरीशी संबंधित आहे का?
२. मी नकार दिला तर मार्क, सही, शिफारसपत्र किंवा पगार अडेल, अशी भीती वाटते का?
३. हीच मागणी त्यांनी चारचौघांसमोर केली असती का?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’, दुसऱ्याचं ‘हो’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर बांध ओलांडला गेला आहे असं समजा.

आपल्याकडे हे अवघड का जातं?

लातूर-नांदेड हा शिकायला येणाऱ्या मुलांचा भाग आहे. ‘लातूर पॅटर्न’मुळे आजूबाजूच्या जिल्ह्यांतून मुलं लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगर भागात खोली घेऊन राहतात. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. १९९४ साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली अशा चार जिल्ह्यांचं आहे.

यातली कितीतरी मुलं घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच असतात. फॉर्म कुठे भरायचा इथपासून सगळं सरांनीच सांगितलेलं असतं. फीची मुदत वाढवून दिलेली असते, कधी खोलीचं डिपॉझिट भरलेलं असतं. आईवडील भेटायला आले की हात जोडून म्हणतात, ‘‘सर, लेकरू तुमच्याच हवाली.’’ उपकाराची जाणीव असणं चांगलंच. पण उपकाराची फेड ‘नाही’ न म्हणण्यानेच करायची, असं मनात बसलं की पुढची वाट निसरडी होते. आधी रात्री अकराचा फोन, मग सरांच्या घरचं लाइट बिल, मग त्यांच्या मुलाला शाळेतून आणणं, मग आपण लिहिलेल्या लेखावर पहिलं नाव त्यांचं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच पुढे असते, म्हणून लक्षात येत नाही.

शरीरावर काय परिणाम होतो?

धोका जाणवला की शरीर ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, पचन मंदावतं. धोका टळला की सगळं पूर्ववत होतं. पण फोन कधी वाजेल हे माहीत नसेल, तर शरीर सतत सावध राहतं. त्यातून पुढील तक्रारी सुरू होतात :

* झोप उशिरा लागणं, पहाटे जाग येणं
* मान-खांदे आखडणं, डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखणं
* जळजळ, पोट बिघडणं
* धडधड, हाताला घाम
* मुलींमध्ये पाळी अनियमित होणं
* चिडचिड, विसरभोळेपणा, वाचलेलं डोक्यात न राहणं

एक सूचना महत्त्वाची. सगळं ‘टेन्शन’वर ढकलू नका. ॲनिमिया, थायरॉइडचे विकार आणि व्हिटॅमिन बी-१२ ची कमतरता यांतही थकवा आणि धडधड असते. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा चक्कर येऊन पडलात, तर ताण आहे असं समजून घरी बसू नका. त्याच दिवशी ईसीजी काढा.

मर्यादा कशी सांगायची?

एकदम ठणकावून सांगण्याची गरज नसते. लहान गोष्टीपासून सुरुवात करा. कारणांची यादी देऊ नका, कारण प्रत्येक कारणाला तोड निघते. नकार देताना शक्य तिथे पर्याय द्या. काही वाक्यं तयारच ठेवा :

* वेळेबद्दल : ‘‘सर, रात्री दहानंतर माझा फोन बाजूला असतो. तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा करा, मी उचलेन. बाकीचं सकाळी आठला पाहतो.’’
* खासगी कामाबद्दल : ‘‘मॅडम, या आठवड्यात मला ते जमणार नाही. प्रकरण शुक्रवारी द्यायचंय, तेवढं पूर्ण करते.’’
* पैशाबद्दल : ‘‘सर, पैशाचे व्यवहार घरचे बघतात. मी बाबांना तुमच्याशी बोलायला सांगतो.’’
* खासगी प्रश्नांबद्दल : ‘‘मॅडम, घरचं घरी राहू द्या. कामाचं विचारा, सगळं सांगतो.’’
* एकट्याने भेटण्याबद्दल : ‘‘सर, विभागातच भेटू या का? सोबत माझी मैत्रीणही येतेय, तिलाही शंका आहेत.’’

पहिल्यांदा सांगताना आवाज कापतो, पोटात गोळा येतो. तसं होणं स्वाभाविक आहे. आरशासमोर किंवा मित्रासमोर दोनदा म्हणून पाहा. कामाचं जे ठरलं ते त्याच दिवशी ईमेलने किंवा मेसेजने लिहून पाठवा : ‘‘आज ठरल्याप्रमाणे मी हे करतोय, या तारखेपर्यंत.’’ याचा पुढे दोघांनाही उपयोग होतो.

बरेच मार्गदर्शक अशा वाक्यांनंतर सहज मान्य करतात, कारण त्यांना अंदाजच नसतो. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझ्याकडे शिकायला बसणाऱ्या एका ज्युनियर डॉक्टरला मी रात्री सुचेल तेव्हा रुग्णांबद्दल मेसेज टाकायचो. माझ्या मनात ‘उद्या बघेल’ असायचं. ती मात्र रात्री बारालाच उत्तर द्यायची. एकदा तिने चाचरतच विचारलं, ‘‘सर, याला रात्रीच उत्तर द्यायचं असतं का?’’ मला तोवर कल्पनाच नव्हती. आता मी असे निरोप वहीत लिहितो आणि सकाळी बोलतो. वरच्या खुर्चीवरून जे सहज वाटतं, ते खालच्या खुर्चीवर हुकूम म्हणून पोहोचतं.

सांगूनही फरक पडला नाही तर?

तारीख, वेळ आणि घटना एका वहीत लिहायला लागा. मेसेज पुसू नका. मग दुसऱ्या जबाबदार व्यक्तीशी बोला. संशोधक विद्यार्थ्यांसाठी संशोधन सल्लागार समिती असते, इतरांसाठी विभागप्रमुख किंवा प्राचार्य. एकाच माणसावर सगळं भवितव्य टांगलेलं असेल तर ‘नाही’ म्हणणं अवघड जातं, म्हणून सुरुवातीपासून दोन-तीन मार्गदर्शक ठेवा.

काही गोष्टींत मात्र हळूहळू समजावण्याचा मार्ग नसतो, तिथे थेट तक्रारच करावी :

* लैंगिक स्वरूपाचं बोलणं, मेसेज, स्पर्श. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते. त्याहून लहान ऑफिस किंवा दवाखाना असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी.
* मूल अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. अशी माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८.
* सीनियरकडून छळ. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या पदव्युत्तर विद्यार्थिनीने आत्महत्या केली. वरिष्ठांकडून जातीवरून छळ होत असल्याची तक्रार कुटुंबाने केली, तीन वरिष्ठ डॉक्टरांवर गुन्हा नोंदवला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्या घटनेनंतर एक प्रश्न आम्हा डॉक्टरांनाही सोडवत नाही : शिकणारं माणूस त्रासात आहे हे कळल्यावर आजूबाजूच्यांनी किती लवकर हालचाल करायची? उत्तर एकच आहे, कळलं त्याच दिवशी.

घरच्यांनी काय करावं?

‘‘सरांचं ऐकायचं, उलट बोलायचं नाही,’’ हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो. पण त्रासातल्या मुलाला ते ‘घरी सांगून उपयोग नाही’ असं ऐकू येतं. त्याऐवजी :

* आठवड्यातून एकदा मार्कांव्यतिरिक्त विचारा : ‘‘तिथं कोण कसं वागतं? कुणाची भीती वाटते का?’’
* मूल सांगू लागलं की आधी पूर्ण ऐका. ‘‘तूच काहीतरी केलं असशील’’ हे वाक्य टाळा.
* सरांना लगेच फोन करून जाब विचारू नका. काय करायचं ते मुलाशी बोलून ठरवा. धोका किंवा लैंगिक प्रकार असेल तर मात्र थांबू नका.
* ‘‘वर्ष वाया गेलं तरी चालेल, तू हवास,’’ हे एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगा.

डॉक्टरांकडे कधी जावं?

दोन आठवडे सलग उदास वाटतंय, कशातच रस उरला नाही, झोप-भूक बिघडली आहे, कामावर जायच्या विचाराने उलटी किंवा घाबरा येतो, किंवा दारू-तंबाखू वाढली आहे, तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांना भेटा. जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेड-लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागातही दाखवता येतं. तिथे जाणं म्हणजे वेडं ठरणं नव्हे.

‘जगून काय उपयोग’ असे विचार येत असतील तर थांबू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनी ‘‘जीव द्यावासा वाटतो का?’’ असं थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. अशा वेळी त्या व्यक्तीला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

लक्षात ठेवा

चांगला मार्गदर्शक तुमच्या ‘नाही’मुळे दुरावत नाही. ज्याच्या सहीवर तुमचं काम अडतं, त्याचा आदर जरूर करा. पण झोप, शरीर आणि स्वाभिमान ही गुरुदक्षिणेत द्यायची गोष्ट नाही. आज रात्री फोन बाजूला ठेवण्याची एक वेळ ठरवा आणि उद्या सकाळी ती सरांना सांगा. तेवढ्यापासून सुरुवात करा.