दोन नमुन्यांच्या मध्ये आवाज हरवत नाही

सिल्वासाजवळ राखोली आणि दादरा इथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या ऑप्टिकल फायबर केबल तयार होतात. त्यांतले काचतंतू ही कंपनी छत्रपती संभाजीनगरात बनवते. देशाचं डिजिटल संभाषण वाहून नेणारा माल जिथून बाहेर पडतो, त्या भागातही एक समज घट्ट बसलेला आहे.

गैरसमज : डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे होतात आणि मधला आवाज गळतो. जुन्या लँडलाइनवरचा आवाजच खरा.

शिकलीसवरलेली माणसंही हे ठासून सांगतात, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

टेलिफोनसाठी आवाजाची पातळी सेकंदाला ८००० वेळा, म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदांनी मोजतात; असं प्रत्येक मोजमाप म्हणजे एक नमुना. मग मधल्या वेळात घडलं त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. पण मोजण्याआधीच एक फिल्टर साधारण ३४०० हर्ट्झच्या वरची कंपनं काढून टाकतो. उरलेली लहर किती झपाट्याने वरखाली होईल, याला त्यामुळे मर्यादा पडते. दोन मोजमापांच्या मध्ये वेगळी उसळी घ्यायची, तर तिला ४००० हर्ट्झच्या वरची कंपनं लागतील, आणि ती तर उरलेलीच नाहीत. म्हणून त्या सगळ्या बिंदूंतून जाणारी आणि या मर्यादेत बसणारी लहर एकच असते. पलीकडे तीच पुन्हा उभी राहते, पायऱ्यापायऱ्यांची नव्हे, सलग. हे कुणाचं मत नाही, सिद्ध झालेलं गणित आहे : हॅरी नायक्विस्ट १९२८, व्लादिमीर कोटेलनिकोव्ह १९३३, क्लॉड शॅनन १९४९.

मग काहीच जात नाही का? जातं, पण दुसरीकडे. 'स'ची बरीच ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते. ती फिल्टरमध्ये जाते आणि फोनवर नाव सांगताना 'स' की 'फ' असा घोळ होतो. मात्र हा अरुंद पट्टा डिजिटलने आणलेला नाही. अ‍ॅनालॉग काळातल्या दूर पल्ल्याच्या कॅरियर यंत्रणाही एका संभाषणाला ४००० हर्ट्झचीच जागा देत. दुसरी तूट अशी, की मोजलेली पातळी ८ बिटांत, २५६ पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर बसवावी लागते. त्यातला फरक बारीक खरखर होऊन उरतो. भारतात वापरली जाणारी ए-लॉ पद्धत हळू आवाजासाठी पायऱ्या बारीक ठेवते, म्हणून ती खरखर जाणवत नाही. ८००० गुणिले ८, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. जी.७११ हे आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगतं.

आणि ती 'खरी' लँडलाइन? १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेची ग्रामीण एक्सचेंज १९८६ पासून बसू लागली, ती डिजिटलच होती. घरापासून एक्सचेंजपर्यंतची तांब्याची जोडी तेवढी अ‍ॅनालॉग. तिथे पोचताच आवाजाचे आकडे होत. ज्या फोनची आठवण काढून डिजिटलला नावं ठेवली जातात, त्यातले कितीतरी फोन याच आकड्यांवर बोलत होते!

आणखी काही गैरसमज

*फायबर म्हणजेच डिजिटल.* नाही. केबल टीव्हीचे अ‍ॅनालॉग सिग्नलही फायबरमधून जात असत.

*मोबाइलच्या लहरी डिजिटल असतात.* रेडिओलहर सलगच असते. तिच्यात केलेल्या ठरावीक बदलांतून बिट वाचले जातात.

*सिल्वासाहून मुंबई लांब, म्हणून आवाज खराब.* अ‍ॅनालॉग मार्गावर प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर खरखरही वाढवत नेई. डिजिटल मार्गावर बिट ओळखून नव्याने पाठवले जातात, त्यामुळे अंतराबरोबर खरखर साचत नाही.

*डिजिटल सिग्नल बिघडतच नाही.* बिट ओळखता येतात तोवरच. ती हद्द ओलांडली, की आवाज एकदम तुटतो.

मग आवाज यंत्रासारखा का होतो?

मोबाइलमध्ये आवाज आणखी दाबतात. प्रचलित एएमआर कोडेकमध्ये सेकंदाला जास्तीत जास्त १२,२०० बिट असतात, २० मिलिसेकंदांच्या चौकटींत. चौकटी वाटेत हरवल्या, की फोन अंदाजाने जागा भरतो, आणि ते कानाला कळतं. उलट व्होल्टीईवरच्या, म्हणजे ४जी जाळ्यावरून होणाऱ्या कॉलच्या, एचडी व्हॉइसमध्ये नमुने सेकंदाला १६,००० होतात, पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत जातो आणि 'स' बराचसा परत मिळतो. म्हणजे डिजिटलने लँडलाइनपेक्षा जास्त आवाज दिला आहे.

तेव्हा आवाज तुटला, तर कमकुवत सिग्नलची, टॉवरवरच्या गर्दीची तक्रार जरूर करा आणि पाठपुरावाही करा. दोष नमुने घेण्यात आहे असं मानून गप्प बसलो, तर जो खरोखर दुरुस्त होऊ शकतो तो दोष तसाच राहतो.