एक सोंगटी हरवते तेव्हा

कॅरमच्या संचात 9 पांढऱ्या, 9 काळ्या आणि 1 लाल अशा एकूण 19 सोंगट्या असतात. संच घरी येऊन वर्ष होते न होते तोच त्यांतील एखादी पांढरी सोंगटी नाहीशी होते आणि तिच्या जागी सदऱ्याचे किंवा कोटाचे मोठे बटण येते. खेळ थांबत नाही. ते बटण हलके असल्यामुळे नीट घसरत नाही आणि त्यावरून भावंडांत थोडीफार भांडणे होतात, इतकेच. बुद्धिबळाच्या 32 मोहऱ्यांपैकी एखादे प्यादे हरवले तर औषधाच्या बाटलीचे टोपण पटावर उभे राहते. मात्र सर्वच खेळांना अशी बदली चालत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत 10 अवतारांची प्रत्येकी 12 अशी 120 गोल पाने असतात. त्यांतील एक हरवले आणि त्याऐवजी दुसरे कसलेही पान घातले, तर ते पाठीवरूनच ओळखू येते व डावातील गंमत संपते. चित्राचे तुकडे जुळवण्याच्या कोड्यात तर हरवलेल्या तुकड्याची जागा उघडीच राहते. याउलट, रंगीत ठोकळ्यांच्या डब्यातून एक ठोकळा गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि एके दिवशी पाहावे तो डबा अर्धा रिकामा झालेला असतो.

या सर्व खेळण्यांचे एक वैशिष्ट्य आहे. मोठ्या माणसाच्या दृष्टीने संच ही एक वस्तू असते आणि सोंगटी, तुकडा किंवा ठोकळा हा तिचा भाग असतो. लहान मुलाला हा संच दिसतच नाही. त्याच्या हातातील एकटा ठोकळा हेच त्याच्या लेखी पूर्ण खेळणे असते. म्हणूनच ‘खेळणी जपून वापर’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकूनही मूल काही शिकत नाही. जे आपल्या दृष्टीसमोर नाही ते जपायचे कसे, हा त्याचा खरा प्रश्न असतो.

मुलांच्या हातून वस्तू हरवतात याला वयाचाही मोठा आधार आहे. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने तान्ह्या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. पाच-सहा महिन्यांच्या मुलासमोर एखादी वस्तू कापडाखाली झाकली तर ते सहसा तिचा शोध घेत नाही, असे त्याला आढळले. पुढे दीड-दोन वर्षांचे मूल वस्तू वाहून नेऊ लागते. भरणे, ओतणे, दडवणे आणि पुन्हा बाहेर काढणे हा त्याचा दिवसभराचा उद्योग असतो. पिठाच्या डब्यात निघालेला ठोकळा किंवा वडिलांच्या चपलेत सापडलेली भातुकलीतील पळी पाहून घरातील माणसे मुलाच्या वेंधळेपणाला हसतात. परंतु मुलाने ती वस्तू तिथे पूर्ण विचारपूर्वक ठेवलेली असते. साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास रंग आणि आकार यांनुसार वस्तू वेगळ्या करणे त्याला जमते व आवडते. मोजणी त्यानंतरची. चार वर्षांच्या मुलाला ‘19 सोंगट्या आहेत का ते पाहा’ असे सांगणे व्यर्थ आहे. ‘काळ्या इकडे, पांढऱ्या तिकडे’ हे मात्र त्याला कळते.

ही अडचण ओळखून त्यावर उपाय शोधणाऱ्यांत मारिया माँटेसरी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत 1907 साली त्यांनी पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या साधनांपैकी दट्ट्यांचा लाकडी ठोकळा प्रसिद्ध आहे. एका लांबट ठोकळ्यात 10 खाचा आणि त्या प्रत्येकीत नेमका बसणारा एकेक दट्ट्या, असे त्याचे स्वरूप असते. एक दट्ट्या चुकीच्या खाचेत बसवला की शेवटी दुसरा कोठेतरी अडतो. एक हरवला तर एक खाच रिकामी राहते. मुलाला मोजता येत नसले तरी रिकामी खाच दिसते. चूक दाखवून देण्यासाठी बाईंना बोलावे लागत नाही. ते काम लाकूडच करते. बालगृहातील व्यवस्थाही याच धोरणाची होती. साधने मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या, उघड्या फळ्यांवर ठेवलेली असत. प्रत्येक साधन एकच असे. जमिनीवर लहानशी चटई अंथरून तिच्यावरच काम करावयाचे आणि काम झाले की साधन जागेवर ठेवावयाचे, असा शिरस्ता होता. साधन एकच असल्यामुळे पुढचे मूल त्याची वाट पाहत असे. दट्ट्या हरवला तर नुकसान कोणाचे, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नसे.

ही पद्धत आपल्याकडे आली तेव्हा तिच्यात एक महत्त्वाचा बदल झाला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम उभारले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आजच्या पालघर जिल्ह्यातील या परिसरात आदिवासी वस्ती मोठी. महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने, फुले असे परिसरात मिळणारे साहित्य वापरात आले. शंख-शिंपल्यांतून एक शिंपला हरवला तर दुसरा आणता येतो. त्यामुळे साहित्य मुलांच्या हाती मोकळ्या मनाने देता येते; हरवण्याच्या भीतीने ते कपाटात ठेवावे लागत नाही. (बियांच्या बाबतीत एक खबरदारी हवी. चिंचोके चालतात, लालचुटुक गुंजा कितीही मोहक दिसल्या तरी विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नयेत.)

कपाटाचा उल्लेख सहज आलेला नाही. काही अंगणवाड्यांत खेळण्यांची पेटी कुलूपबंद असते. खेळण्यांची नोंद साठा-वहीत असते, तुकडा हरवला तर जाब द्यावा लागेल अशी धास्ती सेविकेला वाटते, आणि मग पेटी पाहुणे येतील त्या दिवशीच उघडते. मध्यमवर्गीय घरांतही परदेशाहून आलेला ठोकळ्यांचा संच दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे नवाकोरा दिसतो. असे संच पूर्ण राहतात हे खरे. परंतु ज्या मुलासाठी ते आणले ते मूल एव्हाना मोठे झालेले असते.

वस्तू जपण्याची सवय पूर्वीच्या घरांत कशी लागत असे, हे पाहावयाचे असेल तर भातुकलीकडे वळावे. भातुकली हा खेळ म्हणजे असंख्य सुट्या तुकड्यांचा संसारच होता. तांब्या-पितळेची इवलीशी पातेली, वाट्या, पळ्या, झारा, पोळपाट-लाटणे, पाटा आणि त्याचा वरवंटा, जाते आणि त्याचा खुंटा. यांपैकी वरवंटा व खुंटा सर्वांत आधी हरवत. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडाची रंगीत खेळणी तयार होतात. त्यांतही असे लहान लहान जिन्नस असतात. इतके सुटे भाग असूनही आजीच्या भातुकलीतील बरीचशी भांडी नातीपर्यंत पोहोचलेली दिसतात. त्याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. भातुकलीत स्वयंपाक होतो, पंगत बसते, आणि त्यानंतर भांडी घासून मांडणीवर लावावी लागतात. आवराआवर हा खेळाचाच शेवटचा अंक असतो. वाटी पातेल्यात, पातेले घंगाळात, असे एकात एक बसवत सारा संसार एका डब्यात मावतो. वरवंटा पाट्यावर ठेवला नाही तर मांडामांड अपुरी दिसते. हल्लीच्या खेळण्यांत खेळ आधी संपतो आणि आवरणे मागाहून येते, तेही बहुतेक वेळा रागावलेल्या आवाजात. मग ते मुलाला शिक्षेसारखे वाटले तर नवल नाही.

आवरणे पुन्हा खेळात आणण्यासाठी फार खर्च लागत नाही. जुन्या चादरीचा किंवा लुगड्याचा चौकोनी तुकडा जमिनीवर अंथरावा आणि ‘ठोकळे या कापडाच्या आत’ एवढा एकच नियम ठेवावा. खेळ संपला की चार कोपरे उचलले म्हणजे गाठोडे तयार होते आणि ते बरणीत रिते करता येते. बरणी रुंद तोंडाची, पारदर्शक आणि मुलाला स्वतः उघडता येईल अशी असावी. दुकानातून आलेले पुठ्ठ्याचे खोके दोन-तीन महिन्यांत कोपऱ्यांवर फाटते आणि तुकडे गळण्याची सुरुवात तेथूनच होते. वाचता न येणाऱ्या मुलासाठी बरणीवर आतील वस्तूचे चित्र चिकटवावे. मोजता येणाऱ्यासाठी झाकणावर आकडा लिहावा. दोन-तीन कोडी घरात असतील तर एकाच्या सर्व तुकड्यांमागे निळा ठिपका, दुसऱ्याच्या मागे लाल, अशी खूण करून ठेवली की ती एकमेकांत मिसळली तरी वेगळी करता येतात. सर्व खेळणी एकाच वेळी बाहेर न काढता दोन-तीनच द्यावीत. ‘सगळे आवर’ या आज्ञेने लहान मूल गोंधळते. ‘आधी चाके या डब्यात टाक’ असे म्हटले, आणि सांगणारे माणूसही खाली बसून दोन चाके टाकू लागले, तर काम पुढे सरकते.

घरात एक छोटी डबी ‘सापडलेल्या तुकड्यांची’ म्हणून ठेवावी. केर काढताना पलंगाखालून निघालेली सोंगटी त्या डबीत जाते. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. केर काढण्याचे काम बहुतेक घरांत आईच्या किंवा कामाला येणाऱ्या बाईच्या वाट्याला येते, आणि त्यामुळे संपूर्ण घराचे हरवलेले तुकडे शोधण्याची जबाबदारीही नकळत तिच्यावर पडते. केर भरण्यापूर्वी त्यात बोटे घालून पाहण्याचे काम सहा-सात वर्षांच्या मुलाला, मुलगा असो वा मुलगी, निश्चित करता येते.

खेळ संपल्यावर तुकडे मोजण्यामागे संच पूर्ण राखण्याहून मोठे कारण आहे. न सापडणारा तुकडा मुलाच्या नाकात, कानात, घशात किंवा पोटात असू शकतो. तीन वर्षांखालील मुले प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहतात. त्यांच्यासाठी धोकादायक लहान भाग कोणता, हे ठरवण्यासाठी खेळण्यांच्या चाचणीत 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. त्या नळीत पूर्णपणे मावणारा भाग अशा मुलाच्या हाती देऊ नये. भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर मानक चिन्ह सक्तीचे झाले आहे. तथापि रस्त्यावरच्या बाजारातील सर्वच खेळण्यांवर ते असते असे नाही, म्हणून खरेदी करताना पाहून घ्यावे. दोन वस्तूंबाबत तर विशेष सावध राहावयास हवे. बोलणाऱ्या व चमकणाऱ्या खेळण्यांत बटणाच्या आकाराची चपटी बॅटरी असते. ती अन्ननलिकेत अडकली तर सुमारे दोन तासांतच आतील भाग गंभीररीत्या भाजू शकतो. एकाहून अधिक लोहचुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांतून एकमेकांकडे ओढले जातात आणि मधल्या भिंतीला भोक पडते. अशा वेळी उलटी काढण्याचा प्रयत्न न करता, ‘शौचावाटे निघून जाईल’ म्हणून वाट न पाहता, मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावयाचे असते.

परंतु रुग्णालयात नेण्यासाठी घरच्यांना ते कळावे लागते, आणि हे सांगणारे मूल हाच बहुतेक वेळा एकमेव साक्षीदार असतो. सोंगटी हरवल्याबद्दल ज्याने आदल्या आठवड्यात मार खाल्ला आहे ते मूल ‘मी बॅटरी गिळली’ असे सांगावयास पुढे येईल का? ते गप्प बसते. कधी उरलेले तुकडेही गादीखाली लपवते, म्हणजे मोजणी करावयास काही उरतच नाही. तुकड्याची किंमत पाच रुपये असो वा पाचशे, त्यासाठी मुलाचा हा खरे सांगण्याचा धीर घालवणे कोणत्याही घराला परवडणारे नाही. यासाठी तुकडा हरवला की पहिला प्रश्न ‘कोणी हरवला?’ असा नसावा. ‘शेवटी कोठे पाहिला होता?’ असा असावा. मग दोघांनी मिळून शोधावे. नवा संच मात्र लगेच आणू नये. कॅरम काही दिवस बटणावर खेळला जावा. ती गैरसोय मुलाला पुरेसे सांगून जाते.

शोधूनही तुकडा मिळाला नाही तर तो घरी तयार करता येतो. हरवलेल्या प्याद्यासाठी मातीचे प्यादे वळून वाळवावे. कोड्यातील तुकड्यासाठी थोडे कौशल्य लागते. बाकीचे चित्र पूर्ण जुळवून त्याखाली पुठ्ठा सरकवावा, रिकाम्या जागेच्या कडेने टोकदार पेन्सिल फिरवावी, तो आकार रेघेच्या किंचित आतून कापावा आणि भोवतालच्या चित्रावरून अंदाज बांधून मुलाला रंगवू द्यावा. आभाळाचा निळा हुबेहूब जुळत नाही. तरीही पुढच्या वेळी कोडे जुळवताना मूल तो तुकडा बहुधा बाजूला काढून ठेवते आणि सर्वांत शेवटी बसवते.