सूर लागलेलं भंगार

ब्यूनोस आयर्सच्या हेरार्दो मासाना या तरुण वास्तुविशारदाने टाकून दिलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या गोळा केल्या, एकीत एक सरकतील अशा बसवल्या आणि तो सगळा डोलारा चाकांवर चढवला. ओठ थरथरवत त्यात फुंकलं की ट्रॉम्बोनची आठवण यावी असा घुमारदार खर्ज निघतो. नळी लांब केली की सूर उतरतो; लांबी दुप्पट केली तर साधारण एक सप्तक खाली. पितळेला लागू असलेला हा नियम पुठ्ठ्यालाही लागू आहे! या वाद्याचं नाव 'बास-पाइप', आणि ते वाजवणाऱ्या मंडळींचं नाव 'लेस ल्युतिएर्स'.

सुरुवात विद्यापीठाच्या गायकवृंदात झाली. 1965 साली तुकुमान शहरातल्या महोत्सवात मासानाने एक रचना सादर केली. थाट थेट बाखचा, आणि शब्द जुलाबाच्या औषधासोबत येणाऱ्या माहितीपत्रकातले. साथीला घरी बनवलेली वाद्यं. त्यातूनच 1967 मध्ये हा संच उभा राहिला. मार्कोस मुंडश्टॉक रेडिओवरचा निवेदक, दानिएल राबिनोविच नोटरी, पुढे येऊन मिळालेला कार्लोस नुन्येस कोर्तेस रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला. मासाना 1973 साली ल्युकेमियाने गेला. पण संच थांबला नाही.

मंचावर सगळे काळ्या सुटात, चेहरे गंभीर. मुंडश्टॉक लाल फाइल उघडून धीरगंभीर आवाजात योहान सेबास्टियन मास्त्रोपिएरो या संगीतकाराचं चरित्र वाचायला लागायचा. असा संगीतकार कधी झालाच नाही, तरी त्याच्या भानगडी आणि फजित्या प्रेक्षक वर्षानुवर्षं ऐकत आले. मग त्याची 'रचना' सुरू व्हायची. ती कधी ब्लूज असे, कधी शिमी नावाचं नृत्यसंगीत, तर कधी अर्जेंटिनाचं लोकसंगीत. 'एल एक्स्प्लिकादो' या गाण्यात 'गातो' हे लोकनृत्य कसं करायचं याचा धडाच गाण्यातून दिला जातो. 'अन्योराल्गियास' ही गावाच्या आठवणीने व्याकूळ झालेली 'झांबा' (अर्जेंटिनी लोकनृत्यगीत); पण ज्या गावासाठी जीव तुटतोय, तिथे एकामागून एक संकटंच कोसळत असतात.

माझा जीव मात्र जडलाय तो 'बोलार्मोनियो'वर. रबरी चेंडू ओळीने मांडलेले, प्रत्येकाला पेटीत असतो तसा रीड जोडलेला. चेंडू दाबला की आतली हवा रीडमधून बाहेर पडते आणि त्या चेंडूचा ठरलेला सूर लागतो. पेटीच्या पट्टीवर जिथे एक बोट पुरतं, तिथे इथे अख्खा तळवा लागतो. 'रॅप्सडी इन बॉल्स' या त्यांच्या ब्लूजमध्ये हेच वाद्य वाजतं. चेंडू कितीही हास्यास्पद दिसोत, सूर मात्र जागच्या जागी हवा, कारण तो हलला की जॅझची नक्कल नुसता गोंगाट होऊन बसते. म्हणूनच या मंडळींनी वाद्यं घडवण्याचं काम कधी थट्टेवारी नेलं नाही. कार्लोस इराल्दी हा पेशाने डॉक्टर, पण यांची वाद्यं तो वर्षानुवर्षं घडवत राहिला.

2017 साली स्पेनचा 'प्रिन्सेस ऑफ अस्तुरियास' पुरस्कार त्यांना मिळाला. राबिनोविच 2015 मध्ये गेला, मुंडश्टॉक 2020 मध्ये. नवे कलाकार आले आणि 2023 मध्ये संचाने निरोपाचा दौरा केला. ध्वनिचित्रफिती उपलब्ध आहेत. मास्त्रोपिएरोचे किस्से समजायला स्पॅनिश हवं हे खरं, पण चेंडूंवरचा ब्लूज कोणालाही कळेल. तिथूनच सुरुवात करा.