परदेशातील तंटानिवारणाचा अभ्यासक्रम : प्रवेश आणि पैसा

उधव्याहून खानवेलकडे जाताना महाराष्ट्राची हद्द केव्हा संपली हे ध्यानातही येत नाही. अलीकडे वारली, पलीकडेही वारली, सोयरीकसुद्धा एकमेकांत. परंतु ह्याच हद्दीपलीकडील दादरा-नगरहवेलीवरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चार वर्षांहून अधिक काळ खटला चालला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी (गायक सुधीर फडके त्यांतलेच एक) हा मुलूख पोर्तुगीजांकडून मुक्त केला. दमणहून तेथे पोहोचावयाचे तर भारताच्या भूमीवरून जावे लागे, आणि भारताने तो रस्ता रोखला. म्हणून डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगला फिर्याद नेली. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल ह्यांच्या ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्याचा व शस्त्रांचा नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असे न्यायालयाने ठरविले.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने ह्या खटल्याकडे मुद्दाम पाहावे. त्यात एक कळीचा प्रश्न असा होता की, १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना त्या गावांचे सार्वभौमत्व दिले की सरंजामाप्रमाणे केवळ वसूल? न्यायालयाने वसूलच मानला. म्हणजे आपण इतिहासाच्या तासाला कंटाळत ऐकतो ते ‘सरंजाम’ आणि ‘जहागीर’ हे शब्द हेगमध्ये वर्षानुवर्षे खलले गेले.

ह्या विद्येला आता आंतरराष्ट्रीय तंटानिवारण म्हणतात. राष्ट्रांमधील खटले, परदेशी कंपन्यांचे लवाद, मध्यस्थी हे सर्व तीत येते. लवादाचे निवाडे एकमेकांच्या देशांत अंमलात आणण्याचा न्यूयॉर्क करार १९५८ चा; आज १७० हून अधिक देश त्यात आहेत. ह्या विषयाचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम जिनिव्हा, लंडनचे क्वीन मेरी, बर्लिनचे हुंबोल्ट अशा ठिकाणी चालतो. गेले वर्षभर मी त्यांची माहितीपत्रके चाळीत आहे.

पहिली अडचण पदवीची. हे बहुतेक अभ्यासक्रम एलएल.एम.चे आहेत, नुसत्या बी.ए.वर दार उघडत नाही. बी.ए.नंतर राज्याची विधी प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांची एलएल.बी. करावी लागते. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे, चर्चगेटपासून पायी जाण्याच्या अंतरावर. आणि २०१३ पासून डहाणू रोडहून चर्चगेटला लोकल जाते. रोजची ये-जा मात्र पाच-सहा तास खाते, तेव्हा वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच करावा. ज्यांना वकिलीकडे वळावयाचे नाही त्यांच्यासाठी रोटरीची शांतता अधिछात्रवृत्ती आहे. शांतता व संघर्षनिवारण ह्या विषयांत स्वीडनच्या उप्साला, इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड अशा विद्यापीठांत ती एम.ए.चा सर्व खर्च देते. कायद्याची पदवी लागत नाही. पण निदान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

अर्जात गुणपत्रके, दोन शिफारसपत्रे, इंग्रजीची परीक्षा आणि उद्देशपत्र असते. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, आणि आपण नेमके तेच ‘जगात शांतता नांदावी अशी माझी बालपणापासूनची इच्छा आहे’ अशा थाटात लिहितो. वस्तुतः डहाणूच्या मुलामुलींपाशी लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार प्राधिकरण नेमले गेले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे प्रदीर्घ काळ अध्यक्ष होते. वाढवण बंदराला ह्याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला व २०२३ मध्ये अटींसह परवानगी दिली. तंटा कसा उभा राहतो, कोणापुढे मांडला जातो, तोच प्रश्न पंचवीस वर्षांनी दुसरे उत्तर घेऊन कसा परततो, हे आपण दारात पाहिले आहे. बंदर हवे की नको ह्याविषयी मत काहीही असो. ते पाहिलेले लिहावे.

आता पैसा. फीचा आकडा पाहून माणूस दचकतो, पण माझ्या मते आपल्या भागातला विद्यार्थी अडतो तो एकूण रकमेपेक्षा तिच्या क्रमावर. शिष्यवृत्ती मिळाली तरी ती येते शेवटी. इंग्रजी परीक्षेची फी (अठरा हजारांच्या आसपास), अर्जांची फी, पारपत्र, आणि कित्येक विद्यापीठांत जागा राखण्याची अनामत हे सर्व आधी खिशातून जाते. व्हिसाच्या वेळी तर शिल्लक दाखवावी लागते. जर्मनीसाठी वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे अकरा-बारा लाख रुपये, वेगळ्या खात्यात अडकवून ठेवावे लागतात. इंग्लंडसाठी नऊ महिन्यांच्या राहण्याखाण्याची रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र हाती असेल तर ही अट सुटू शकते. म्हणून ते पत्र केव्हा हाती पडते ह्यावर सारे अवलंबून असते.

मग कर्ज का काढू नये? शैक्षणिक कर्जाचा सर्वसाधारण नियम असा की, चार लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, त्यावर तारण. आमच्या घरी तारण म्हणजे जमीन. सातबारा घेऊन मी एका बँकेत गेलो, तेव्हा तेथील साहेबांनी तो उलटसुलट पाहून सौजन्याने परत केला. कारण उघड आहे. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. अशा जमिनीतून वसुली करणे बँकेला अवघड. १९७४ च्या दुरुस्तीने हे संरक्षण भक्कम झाले, आणि ते का लागले हे तळासरीत सांगावयास नको. १९४५ साली झरीला वारली जमले ते वेठबिगारीविरुद्ध. त्या मागे सावकार-जमीनदारांनी गिळलेल्या जमिनींचा इतिहास होता. तो बांध फोडून कुणी परदेशी जावे असे मला मुळीच वाटत नाही. परंतु ज्या कायद्याने आजोबांची जमीन राखली त्याच कायद्यामुळे नातवाचा सातबारा बँकेच्या टेबलावर निरुपयोगी ठरतो, तेव्हा ही उणीव शासनाच्या हमीने भरून निघावयास हवी.

तोवर शिष्यवृत्ती हाच मार्ग. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वर्षाला वीस जणांना मिळते. त्यांपैकी तीन जागा अतिमागास आदिम जमातींसाठी आहेत. आपल्याकडील कातकरी बांधवांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची योजना निराळी. तिची चौकशी डहाणूच्या प्रकल्प कार्यालयात करावी. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. ब्रिटनची चेव्हनिंग सर्वांना खुली असून तिला अर्जाची फी नाही, पण दोन वर्षांचा अनुभव लागतो व शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. जमशेटजी टाटांच्या १८९२ च्या निधीतून मिळते ते कर्ज, देणगी नव्हे. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले तेव्हा त्यांनाही परतून संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला होता. तेव्हा कोणत्याही योजनेच्या अटींचे पान आधी वाचावे.

कागदांपैकी जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, उत्पन्नाचा तहसीलमधून. सर्वांत वेळ घेते ती जात वैधता. पडताळणीला आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या वा महसुलाच्या नोंदी लागतात, आणि ज्या घरात शाळेत जाणारी पहिली पिढीच आपली, तेथे त्या शोधण्यात महिने जातात. हे काम प्रथम वर्षातच सुरू करावे. वडिलांच्या दाखल्यावर एक आडनाव आणि आपल्या गुणपत्रिकेवर दुसरे, असे असेल तर तेही आताच दुरुस्त करून घ्यावे. परदेशी विद्यापीठाला आणि व्हिसा कचेरीला दोन स्पेलिंगे म्हणजे दोन माणसे वाटतात.

मी जमविलेली माहितीपत्रके आणि गेल्या वर्षीच्या जाहिरातींच्या प्रती ग्रंथालयात संदर्भ-विभागाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आकडे आणि तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा नवी जाहिरात निघाली की तिची प्रत त्यातच लावावी.